पायाच्या अंगठ्याची हजेरी

घरात लग्नकार्याला माणसं जमली की मला हा किस्सा सांगायला लावतात. पहिला अर्धा भाग माझ्या फजितीचा आहे, आणि माझी फजिती आमच्या घरात चटणीसारखी चालते. उरलेला अर्धा मी सहसा सांगत नाही. पंगतीची पानं मांडली की गोष्ट आपोआप थांबते, आणि मीही ती वेळ साधूनच सुरू करतो.

किस्सा असा, की दुष्काळाच्या एका वर्षी मी एकटा दहा मजूर होतो.

आमच्या थोरल्या चुलत्यांची, आबांची, मजूर सहकारी संस्था होती. सरकारी लहान कामं अशा संस्थांना टेंडरशिवाय मिळत, राबणाऱ्याच्या हाताला थेट काम मिळावं म्हणून. अट एकच: काम सभासद मजुरांनी स्वतः करायचं, पोटठेका देऊन दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही. आमचे सभासद मजूर म्हणजे तीन चुलते, त्यांच्या बायका, आत्याचे जावई आणि असेच इतर. मधल्या चुलत्यांना पोटाच्या घेरामुळे स्वतःच्या वहाणा दिसत नसत. ठेकेदारीचं लायसन बैठकीत गणपतीशेजारी लावलेलं होतं, आणि सणावाराला हार दोघांनाही सारखाच पडे.

मी बी.ए. होऊन घरी बसलो होतो, म्हणून हजेरीपुस्तक माझ्याकडे. घरचे मजूर काही दर आठवड्याला अंगठा द्यायला येणार नाहीत. मग माझी दहा बोटं दहा मजुरांना वाटून दिली. करंगळी म्हणजे धाकट्या काकू, मधलं बोट म्हणजे आत्याचे जावई. शनिवारी मी ओट्यावर बसून सगळ्यांचा पगार वाटायचो आणि संध्याकाळी राखेनं हात घासायचो. तरी शाई जायची नाही. मला मुलगी बघायला नेलं तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा छापखान्यात हाय का?"

इथवर सगळे हसतात.

त्या वर्षी आम्हाला पाझर तलावाच्या भिंतीचं काम मिळालं. माती ट्रॅक्टरनं पडली, पण पाण्याच्या अंगानं भिंतीला दगड बसवायचे, त्याला कारागीर लागतो. आबांनी डोंगरपट्ट्यातल्या एका मिस्तरीला बोलावलं आणि ब्रासावर, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापावर, दर ठरवून ते काम पोटठेक्यानं दिलं. कागद नाही, बैठकीत चहा पाजून. मिस्तरी आला तो बायको आणि गावाकडची आठ माणसं घेऊन. दगड हातात फिरवून फिरवून त्याचं तोंड शोधायचा, मग दोन ठोके घालून असा बसवायचा की शेजारच्या दगडानं सरकून जागा दिली असं वाटावं. त्याला चौथीपर्यंतची शाळा होती आणि सही झोकात करायचा, खाली दोन रेघा ओढून. मला 'धाकले मालक' म्हणायचा. कुणीतरी मालक म्हणतंय म्हणून मी रोज एक फेरी जास्त मारायचो.

काम संपत आलं त्या आठवड्यात ट्रॉलीचा मागचा फाळका निसटला आणि मिस्तरीचा उजवा हात त्यात सापडला. टॉवेल मीच गुंडाळला, फटफटीवर मागं बसवून मीच नेलं. पाठीमागून तो म्हणत होता, "धाकले मालक, तुमचा सदरा खराब व्हायलाय, वाईच पुढं सरका." आबांनी निघताना बजावलं होतं, सरकारी दवाखान्यात न्यायचं न्हाई, पोलीस केस हुईल. म्हणून ओळखीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी तीन बोटं काढली आणि कागद दिला नाही.

सरकारकडून संस्थेचं बिल निघालं. मिस्तरी पैसे मागायला आला की आबा म्हणायचे, "पुढच्या कामात बघू." त्याची आठ माणसं त्याच्या दारात बसलेली, तो आमच्या दारात. असे चारपाच महिने गेले. मग त्याला कुणीतरी शहाणपण शिकवलं: संस्थेचं लायसन नव्यानं व्हायचंय, तक्रार असली तर ते अडकतं. त्यानं तक्रार टाकली. पोटठेका दिला, असं त्याच्या तोंडून शाबीत झालं असतं तर आबांना त्याचे पैसे देऊन मिटवावं लागलं असतं, नाहीतर लायसन गेलं असतं.

आबांनी मला बोलावलं. "ह्याला सभासद मजूर दाखव. पहिल्या आठवड्यापासून रोजंदारी, दर शनिवारी पगार पोचला म्हणून."

"आबा, माझी बोटं संपली."

"पाय हायत न्हवं?"

मिस्तरीच्या वाट्याला माझ्या पायाचा अंगठा आला. काकूंनी शाईचा डबा धरला, मी भिंतीला टेकून पाय वर केला, चुलतभावानं हजेरीपुस्तक खालून लावलं. गुदगुल्या व्हायच्या आणि ठसा फिसकटायचा. घरभर हसू. पंगतीच्या आधी मी गोष्ट थांबवतो ती जागा हीच. पानं मांडायला घ्या.

सुनावणी तालुक्याच्या गावी होती. सहकार खात्याचे साहेब, त्यांचा कारकून, आबा, मी. समोर मिस्तरी आणि त्याची बायको. आठ माणसं बाहेर व्हरांड्यात. साहेबांनी विचारलं, "साक्षीदार कोण तुझा?"

मिस्तरीनं माझ्याकडे बोट केलं. उरलेल्या दोनांपैकी एक. "धाकल्या मालकाला इचारा. खोटं न्हाई बोलायचे ते."

साहेबांनी हजेरीपुस्तक पुढं केलं. मिस्तरी वाकून बघत राहिला.

"साहेब, ह्यो अंगठा माझा न्हाई. केवढा हाय बघा की! म्हशीचा हाय का काय?"

कारकून हसला. साहेब म्हणाले, "दगडं फोडणाऱ्याचा असतो असा."

"पण म्या सही करतो साहेब. चौथी शिकलोय. अंगठा कावून देईन?"

साहेब माझ्याकडे वळले. "काय हो, सही करणारा माणूस अंगठा कशाला देईल?"

आबांनी हे शिकवलं नव्हतं. ते छताकडे बघायला लागले. आणि मला, ज्याला पाहुण्यांत चार वाक्यं धड बोलता येत नसत, उत्तर असं सुचलं की जणू कुणी कानात सांगितलं. मी म्हणालो, "साहेब, हात चिरडलाय त्याचा. लिहिणार कसा?"

साहेबांनी मिस्तरीचा हात बघितला. मिस्तरीनंही बघितला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"आरं पण त्यो शेवटच्या आठवड्यात गेलाय! अंगठं पहिल्यापासनं हायत. धाकले मालक, तुमीच न्हेलंत न्हवं मला? तुमच्या सदऱ्याला रगत लागलं ते?"

"पहिल्याच आठवड्यात नेलं होतं," मी म्हणालो. डॉक्टरचा कागद नव्हता, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

साहेब काही अगदीच भोळे नव्हते. "पहिल्या आठवड्यात हात गेला, तर पुढं यानं काम काय केलं?"

मी म्हणालो, "काहीच नाही साहेब. बिचाऱ्याचा हात गेला म्हणून माणुसकीनं हजेरी लावत गेलो. बसून पगार दिला त्याला."

मला वाटलं होतं आता मिस्तरी अंगावर येईल. मी थोडा मागंही सरकलो, मुळात मी तसा शूर. पण तो आला नाही. एवढंच म्हणाला, "मग त्यो बांध कुणी घातला?"

त्याचं उत्तर हजेरीपुस्तकात होतंच: माझ्या करंगळीनं, म्हणजे धाकट्या काकूंनी, आणि उरलेल्या नऊ बोटांनी. अंगठा तपासायचा तर दिवाणी कोर्टात जा, साहेब म्हणाले, मला फक्त लायसनचं बघायचंय. निकालात त्यांनी एक वाक्य घातलं, की संस्थेनं अपघातग्रस्त सभासदाशी माणुसकीचं वर्तन केल्याचं दिसून येतं. आबांनी तो कागद तिथंच दोनदा वाचला. जिन्यात माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बी.ए. फुकट न्हाई गेलं बे तुझं!" खोटं कशाला सांगू, त्या थापेनं मला बरं वाटलं. घरात पहिल्यांदाच कुणी मला कामाचा माणूस म्हटलं होतं.

व्हरांड्यात आठ माणसं उठून उभी राहिली होती. मिस्तरी त्यांच्यापुढं गेला आणि काहीतरी हळू बोलला. मला मारामारी बघायला मिळेल असं वाटून मी थांबलो, हेही सांगून टाकतो. मारामारी झाली नाही. त्यातला एक, मिस्तरीचा मेहुणा, म्हणाला, "पैसं तू खाल्लंस आन् हितं तमाशा मांडलास. बसून पगार घेतलास म्हणत्यात की साहेब." मग ते आठ जण टेम्पोत चढले. मिस्तरीनं फाळक्याला हात लावला तर मेहुण्यानं त्याचा हात काढून बाजूला केला. टेम्पो गेला.

आबांनी कपिलधारच्या देवस्थानाला नारळ बोलला होता, म्हणून आमची जीप तशीच तिकडं निघाली. गावाबाहेर रस्त्याच्या कडेनं मिस्तरी आणि त्याची बायको चाललेली दिसली. झाड एक नाही, डांबर ऊन ओकत होतं. आबा खुशीत होते. त्यांनी जीप थांबवली.

"बसा मिस्तरी. फाट्यापर्यंत सोडतो. मनात काय ठिवू नका, धंद्यात असं हुतंय."

मिस्तरी थांबला. बसतो की काय असं मला वाटलं, आणि मी माझ्या शेजारची जागा पिशवी उचलून रिकामी केली. बायको पुढं आली. तिनं आबांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं.

"आमी चालत गेलो का बसून, ते तुमी लिवतालच. लिवा बसून गेले म्हणून." आणि नवऱ्याला म्हणाली, "चला."

"लई तोंड हाय बाईला," आबा म्हणाले, आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं. मी पिशवी पुन्हा सीटवर ठेवली. तिच्यात नारळ होते, ते गडगडू नयेत म्हणून वर हात ठेवून बसलो.

मिस्तरी दिवाणी कोर्टात गेला नाही, आमच्या दारातही पुन्हा आला नाही. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत. द्यायचे राहिले असं आम्ही म्हणतो, पण राहिलं-बिहिलं काही नव्हतं. पुढच्या वर्षी आबांनी मला संस्थेचा सचिव केलं.