वसंतानं दिलेलं रक्त

फोन आला तेव्हा मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर महाडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. पुतणीकडे पूजा होती म्हणून आदल्या दिवशी गेलो होतो. ‘काका, बाबा गेले,’ मेघना म्हणाली, माझ्या मित्राची, वसंताची मुलगी. वसंता पहाटे न्हाणीघरात घसरला होता. डोकं भिंतीवर आपटलं. दुसऱ्या कुणाला टेंगूळ आलं असतं आणि दोन दिवसांत उतरलं असतं. वसंताला जन्मापासून हिमोफिलिया. रक्त गोठायचं नाही. शेजाऱ्यांनी त्याला अँब्युलन्समधून मुंबईला न्यायला घेतलं, पण पनवेलच्या अलीकडेच सगळं संपलं... याला आता सहा आठवडे झाले. इतक्या वर्षांत त्याला दवाखान्यात नेताना मी बरोबर नव्हतो असं फार थोड्या वेळा झालं असेल. त्यातली ही एक.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यातलं, सावित्रीच्या काठचं. शाळेत आम्ही एका बाकावर. वसंताचा उजवा गुडघा अधूनमधून नारळाएवढा सुजायचा. मार लागायचीही गरज नसे, आत आपोआप रक्त साचायचं. मग तो आठ-पंधरा दिवस पडवीत घोंगडीवर. मी शाळा सुटली की त्याच्याकडे जायचो, पण कान बाहेर पोरांच्या आवाजाकडे लागलेले असायचे. त्याची आई ते ओळखायची. ‘तू जा रे खेळायला,’ म्हणायची. ‘त्याला माझ्याकडनं आलंय. मी बसतंय त्याच्याजवळ.’ तिचा एक भाऊ लहानपणी दात पडल्याचं निमित्त होऊन गेला होता. हे आईकडून मुलाला येतं, एवढं तिला डॉक्टरांनी सांगायच्या आधीच कळलं होतं, आणि ती ते मरेपर्यंत विसरली नाही. मी जायचो खेळायला. आज ते आठवलं की बरं वाटत नाही.

पुढे मी एसटीत वाहतूक नियंत्रक झालो आणि वसंता महाडच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागला. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, हरिनाम सप्ताहाची पत्रकं. बसून करायचं काम, फक्त डोळे आणि लाल पेन. काम करताना तो ताठ झालेला पाय बाकावर लांब करून ठेवायचा. रायगडला रोपवे झाला तेव्हा मी त्याला हिरकणीवाडीला घेऊन गेलो. जन्मभर ज्या गडाचं नाव ऐकलं तो त्यानं चाळिशीत, काचेच्या डब्यातून वर जाऊन पाहिला. वर बाजारपेठेच्या निम्म्यापर्यंत चालला आणि म्हणाला, ‘बस झालं. बाकीचं तू बघून ये, मी हाय इथंच.’ मीही गेलो नाही.

लग्न झालं, मेघना झाली. मुलगी म्हणजे तिला त्रास नाही, एवढ्यावर तो खूश होता. दोष तिच्या रक्तात उतरला असणार आणि उद्या तिच्या मुलात दिसू शकतो, हे त्याला माहीत होतं. पण ते आम्ही कधी बोललो नाही. चार वर्षांपूर्वी मेघना पुण्याहून, सासरहून, एकटीच आली. वहिनी तोवर गेल्या होत्या, म्हणून तिनं मलाही बोलावून घेतलं. म्हणाली, पुण्याच्या डॉक्टरांनी मार्ग सांगितलाय. गर्भ बाहेर तयार करायचे, तपासायचे, आणि ज्यात हा दोष नाही तोच पोटात ठेवायचा. पण तपासणी अचूक व्हायची तर मूळ दोष नेमका कसा आहे ते बघावं लागतं. त्यासाठी बाबांचं रक्त हवं होतं.

वसंता जमिनीकडे बघत होता. ‘म्हणजे माझ्यासारखा कोणता ते ओळखायला,’ तो म्हणाला.

‘बाबा, तुम्ही आतल्या खोलीत कण्हायचात तेव्हा मी उशीत तोंड खुपसून झोपायचे. बाप म्हणून ऐकलं. पोटच्या पोराचं ऐकणं मला जमणार नाही.’

‘मी कुठं नको म्हणतोय? कधी यायचं ते सांग.’

मीच त्याला पुण्याला घेऊन गेलो. ओळखीचा चालक होता, त्यानं पाय पसरता येईल अशी पुढची जागा ठेवली. रक्त काढणारी मुलगी तरुण होती. सुई काढल्यावर वसंता अर्धा तास कापूस दाबून बसला आणि तिला सांगत राहिला, ‘घाबरू नका, मला सवय आहे.’ परतताना ताम्हिणी घाट येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, ‘आपण मुद्रितातली चूक काढतो ना, तेव्हा शब्द राहतो रे. इथं शब्दच काढतात.’

मी म्हटलं, ‘ते अजून माणूस नसतं, वसंता.’

‘ते कळतं मला. आणि पोरगी चुकत नाय, तेही कळतं. मला कुणी विचारलं असतं, हे दुखणं पाहिजे का, तर मी नाय म्हटलं असतं.’ मग म्हणाला, ‘आईच्या वेळी हे असतं तर तिनं धावत जाऊन रक्त दिलं असतं. तिचा जीव सुटला असता... आणि मी नसतो.’

त्या दुखण्यातून त्याची सुटका व्हावी असं मला आयुष्यभर वाटत होतं, आणि तो नसता तर माझं आयुष्य कसं गेलं असतं ते मला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र कशा ठेवायच्या?

पाच गर्भ तयार झाले. दोघांत वसंताचा दोष निघाला, ते बाजूला ठेवले. ‘बाजूला म्हणजे कुठं?’ असं त्यानं मला एकदाच विचारलं, मेघनाला कधीच नाही. पुढच्या वर्षी नातू झाला. दीड महिन्याच्या त्या बाळाला लस टोचायला नेलं तेव्हा आम्ही दोघं पुण्यातच होतो. मेघनानं कापूस क्षणभर दाबला आणि काढून टाकला. वसंता वाकून त्या इवल्याशा मांडीकडे बघत राहिला.

‘थांबलं?’

‘हो बाबा.’

‘लगेच?’

‘लगेच.’

तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मी गेलो तर डोळे पुसत होता. ‘आईला दाखवायला पाहिजे होतं,’ एवढंच म्हणाला.

तेराव्याच्या दुपारी, पाहुणे पांगल्यावर मेघना माझ्याजवळ येऊन बसली. ‘काका, खरं सांगा. बाबांना वाईट वाटलं होतं का?’ नाही म्हणणं सोपं होतं. पण जन्मभर अक्षराची चूक न सोडणाऱ्या माणसाबद्दल खोटं बोलवेना. ‘वाटलं होतं,’ मी म्हटलं. ‘आणि पुन्हा विचारलं असतंस तर पुन्हा आला असता.’ ती बराच वेळ रडली. मग तिनं पोराला उचलून माझ्या मांडीवर बसवलं, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.

आता मेघना पुण्याला गेली. छापखान्यात वसंताच्या जागी कुणी बसत नाही. कामच उरलेलं नाही. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलंय, भरभर, घाम येईल असं. संध्याकाळी चवदार तळ्याच्या कडेनं फेऱ्या मारतो. पण भरभर जमत नाही. एवढी वर्षं वसंताच्या बरोबरीनं चाललो, तीच चाल अंगात बसली आहे. चार पावलं टाकायची, थोडं थांबायचं. तो उजव्या हाताला असायचा, म्हणून उजवीकडची जागा आपोआप मोकळी सोडतो. माझ्या वयाची माणसंही मागून येऊन पुढे निघून जातात. परवा त्यातल्या एकानं मागे वळून विचारलं, ‘पाय दुखतोय का हो तुमचा?’

‘हो,’ मी म्हटलं. ‘उजवा.’