बुटांची नाडी मी सोडली

"बूट काढ म्हणान सांग तिका."

भाटकार एवढंच म्हणाला. वर सोप्यावर बसून. मुलीकडे न बघता, माझ्याकडे बघून.

मे महिना होता. अंगण चिऱ्यांचं, दुपारचं तापलेलं. माझ्या चपला मी पायऱ्यांच्या खालीच काढल्या होत्या. मला कोणी सांगावं लागलं नाही. माझ्या बापानं तिथेच काढल्या. आज्याला काढायला चपलाच नव्हत्या. पण माझी सुलू बारा वर्षांची, बहरीनच्या शाळेतले काळे बूट, पांढरे मोजे. तिला काही कळेना. हळूच मला म्हणाली, "पप्पा, ह्यां देऊळ आसा?"

मी खाली वाकलो. तिच्या बुटांची नाडी मी सोडली. एक सुटली. दुसरीची गाठ तिच्या आईनं घट्ट मारलेली, सुटेना. वरून भाटकार बघत होता. मग मी ती दातानं सोडली.

दहा वर्षं परक्या देशात साहेबाच्या घरी रांधलं, भांडी घासली. तिथे कोणापुढे दातानं नाडी सोडली नाही. माझ्या गावात येऊन सोडली. हे आधी लिहून टाकतो. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. हे माझ्याच हातानं लिहितोय, कोणाकडून लिहून घेतलेलं नाही.

गाव आमचा पेडण्यात, कोरगावच्या अलीकडे. आम्ही मुंडकार. म्हणजे घराच्या भिंती आमच्या आणि खालची जमीन भाटकाराची. गाव त्याला बाब म्हणायचा, अहो-जाहो करायचा. मीही केलं. इथे एकेरीत लिहितो. कोणाला खटकलं तर खटको.

बहरीनला मी एका बँकेच्या साहेबाकडे स्वयंपाकी. बायको त्यांची मुलं सांभाळायची. बंगल्यामागे एक खोली होती, तिथे आम्ही तिघं. साहेबाच्या बायकोनं सुलूला तिथल्या इंग्रजी शाळेत घातलं. सुलू वर्गात कधी पहिली, कधी दुसरी. मग साहेबाची बदली झाली, आमचा व्हिसा संपला. ज्या वर्षी गोवा राज्य झालं, त्याच वर्षी आम्ही परत आलो. निघताना बाई म्हणाली, "सुलूसाठी चांगलं हायस्कूल निवडा हां."

निवडा. हा शब्द मी विमानात घोळवत आलो. आमच्या घरात तांदळातल्या खड्यांशिवाय कोणी काही निवडलेलं नव्हतं.

त्या दिवशी भाटकाराकडे गेलो ते सुलूचा शाळेचा दाखला घेऊन. हिरवट कागद, वर गोल शिक्का, सगळा मजकूर इंग्रजी. मला वाचता येईना. गावात इंग्रजी कागद आला की तो भाटकाराकडे न्यायचा, ही सवय. तार आली तरी, कोर्टाचं पत्र आलं तरी. तो वाचणार आणि आम्ही खाली उभं राहून ऐकणार. मी दाखला वर दिला. एकच प्रत होती. असलच.

त्यानं वाचला. चार घड्या केल्या. सदऱ्याच्या खिशात घातला.

"बरां जालां. आमच्या आठवीक एक चेडू कमी होतां. पयल्या दिवसापासून धाड."

"बाब, माका म्हापश्याची शाळा बघूची होती. तिची पयल्यापासून इंग्रजी..."

तो हसला. "म्हापसा? चेडवाक इंग्लिश शिकवन काय करतलंस? तुज्यासारखां भांडी घासूक परत थंयच धाडतलंस?"

"दाखलो तरी दिया."

"ऱ्हवांदे माज्याकडे. मी बघतंय."

अंगणाबाहेर पडेपर्यंत मी चपला हातात घेतल्या होत्या. ते बघून सुलूनंही बूट हातात घेतले.

त्याचं स्वतःचं खाजगी हायस्कूल होतं. काजूच्या जुन्या गोदामात, मराठी माध्यमाचं. पेडण्यातली मुलं तेव्हा इंग्रजीकडे पळायला लागली होती, आणि त्याचा आठवीचा पट भरत नव्हता. पट भरला नाही तर वर्ग बंद. मराठी की कोकणी, ह्या भाषेच्या भांडणात मराठीच्या बाजूचा आमच्या भागातला पुढारी तोच. भिंतींवर चुन्यानं लिहिलेल्या घोषणा अजून पुसलेल्या नव्हत्या. सभेत तो शुद्ध मराठीत बोलायचा, आमच्याशी आमच्या बोलीत, आणि नातीशी इंग्रजीत.

माझं भांडण मराठीशी नाही. माझं भजन मराठीत, हे लिहितोय तेही मराठीत. पण माझ्या मुलीनं सात वर्षं एका भाषेत गणित शिकलेलं. तिला विचारलं कोणी?

जूनमध्ये मी तिला घेऊन बसनं म्हापश्याला गेलो. तिथली मोठी बाई चांगली होती. सुलूला पुस्तक दिलं, सुलूनं घडाघडा वाचलं. बाई म्हणाली, "जागा आहे. चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत ठेवते. पण असल दाखला लागेल. त्याशिवाय नाव चढवता येणार नाही."

आम्ही फाटकाशी आलो. समोर भाटकाराची गाडी उभी. आतून त्याची नात उतरली. सुलूच्याच वयाची. ह्याच शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर. ड्रायव्हरनं मला बघितलं, मी त्याला.

संध्याकाळी बोलावणं आलं.

"म्हापश्याक गेल्लंस?"

"होय. बाब, तुमची नात पण थंयच..."

"माजी नात माज्या पैशांनी शिकता. तुजां चेडू गावाच्या मानासाठी शिकतलां." मग त्यानं आवाज खाली आणला. "दाखलो कपाटात आसा. चावी माज्याकडे आसा. आनी तुजां घर खंय आसा?"

मी खाली चिऱ्यांकडे बघितलं.

"सांग मरे. खंय आसा?"

"तुमच्या भाटात."

"मगे?"

एवढंच. मगे. मी घरी आलो. बायकोला सगळं सांगितलं. तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि म्हणाली, "तुमी गप ऱ्हवा. घर गेलां तर दाखलो घेवन खंय ऱ्हवतलंव?"

ती चूक नव्हती. तिथेच तर अडकलो होतो. मुलीसाठी उभा राहिलो तर मुलीच्या डोक्यावरचं छप्पर जाणार. छप्पर धरलं तर मुलगी जाणार. रात्रंदिवस तेच. म्हापश्यात एकाकडून बहरीनच्या शाळेला पत्र लिहून घेतलं, दुसरी प्रत पाठवा म्हणून. उत्तर आलं नाही.

सुलू गोदामातल्या शाळेत जायला लागली. बूट पेटीत गेले, तिथे कोणी घालत नव्हतं. मराठी ती बोलायची, पण वाचायला अडखळायची. मास्तर तिलाच उभी करायचे. "वाच गो अरबिणी." सगळा वर्ग हसायचा. पुढे मुलं रस्त्यावरही तिला तसंच हाक मारायला लागली. घरात बडबडणारी मुलगी, ती बोलेनाशी झाली. एक दिवस भाकरी मोडता मोडता तिनं मला विचारलं, "पप्पा, मी ढ आसंय?"



दर सोमवारी मी त्या अंगणात जायचो. चपला काढून. "आज चावी गावना नाय." "आज पावणे आसत." "आज हेडमास्तर पणजेक गेलो." पावसात अंगणाला शेवाळ आलं, मी घसरून पडलो, तरी गेलो. जुलै संपताना तो म्हणाला, "आता चतुर्थी जावंदी. मगे बघू."

चतुर्थीपर्यंतच जागा होती. त्याला ते माहीत होतं. नात त्याच शाळेत होती ना.

मग एके दिवशी हेडमास्तर आमच्या दारात. हसतमुख. म्हणाले, पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर तुमचा सत्कार. शाल आणि श्रीफळ. शिक्षण खात्याचे साहेब येणार. परदेशातून येऊन मुलीला मराठी शाळेत घालणारा गावचा सुपुत्र. मी आयुष्यात प्रथमच सुपुत्र झालो. त्यांनी एक चिठ्ठी दिली, दोन वाक्यं लिहिलेली. "एवढंच बोला. पाठ करा."

चिठ्ठीत होतं: मी परदेश पाहिला. पण मायबोलीनं मला आणि माझ्या मुलीला परत बोलावलं.

मी ती तीनदा वाचली. माझ्या नावावर खोटं बोलायचं होतं, तेसुद्धा भाटकाराच्या अक्षरात. सुलू खिडकीशी बसली होती. तिनं चिठ्ठी मागितली. अडखळत, एकेक अक्षर लावत, तिनं ती वाचली. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला अजून आठवतं.

पंधरा ऑगस्टला सकाळी मी आंघोळ करून आलो तर बायकोनं पेटी उघडलेली. सुलूच्या बुटांवर पावसाळ्याची हिरवी बुरशी आलेली. बायको खोबरेल लावून फडक्यानं पुसत होती. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. मुलीला म्हणाली, "घाल." नाडी तिनंच बांधली. दोन गाठी मारल्या.

गोदामापुढे मंडप. आंब्याच्या झाडाला भोंगा बांधलेला. पुढे मुलं, मागे गाव. आमच्यासारखी मुंडकाराची घरं सगळी आलेली, यावंच लागायचं. भाटकाराचं भाषण झालं. आपलं राज्य, आपली भाषा, आपली मुलं. टाळ्या. मग माझं नाव पुकारलं.

मी वर गेलो. भाटकार शाल दोन्ही हातांत पसरून उभा. मी शालीच्या पुढे न जाता माईकपुढे गेलो.

"माज्या चेडवाचो दाखलो बाबाच्या कपाटात आसा," मी म्हटलं. "मे महिन्यापासून. तो माका हंय जाय. शाल नको."

भोंग्यातून माझाच आवाज वाड्यावर जाऊन परत आला. भाटकाराचे दोन्ही हात शालीत. ती टाकताही येईना, घालताही येईना. ओठांवरचं हसू तसंच ठेवून तो हळू म्हणाला, "खाली उतर. घराकडे ये."

"घराकडे तीन महिने इलंय. आता येवचंय नाय."

"घराचो विचार कर."

"केलो."

आणि मी खाली बसलो. माईकपुढेच, मांडी घालून. खात्याचा साहेब घड्याळ बघत राहिला. हेडमास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "अहो, मुलं ताटकळलीत, उठा." मी म्हटलं, "माजी पण ताटकळल्या." मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "दिया मरे बाब, कागद तो! तुमच्या नातीचो काय तो?" कोणीतरी हसलं. भाटकारावर कोणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

भाटकारानं चावी काढून हेडमास्तरांकडे फेकली.

दाखला आला. चार घड्या तशाच, फक्त कडेला वाळवीनं खाल्लेलं. भाटकारानं तो माझ्यापुढे धरला. मी टोक पकडलं तरी सोडेना. "कागद घे," तो म्हणाला, "घर सोड."

मी ओढला. सुलूला हाक मारली. ती रांगेतून निघाली, सिमेंटवर बूट वाजवत वर आली. कोणी काढ म्हटलं नाही.

"बरोबर आसा काय बघ," मी तिला म्हटलं.

तिनं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. घाई केली नाही. मग मान हलवली.

चतुर्थीच्या आधी म्हापश्याला तिचं नाव चढलं. आणि चतुर्थीच्या आधीच आमच्या विहिरीच्या वाटेवर काटेरी तार चढली. मग नोटीस आली, हे मुंडकार नाहीत, मेहेरबानीनं ठेवलेले आहेत, घर मोकळं करा. मी मामलेदाराकडे अर्ज घातला, मुंडकार म्हणून आमची नोंद करा, कायद्यानं मुंडकाराला घरातून हलवता येत नाही. तेव्हापासून तारखा. बायकोनं लांबच्या झरीवरून पाणी आणलं, कंबर मोडेपर्यंत. निकाल न बघताच ती गेली. भाटकारही गेला. केस जिवंत आहे. मला न्याय मिळाला, असं सांगायला मी हे लिहायला बसलो नाही. मिळालेला नाही. घर अजून त्याच जमिनीत आहे आणि मी घरात आहे, एवढंच.

हे आज लिहायचं कारण सांगतो. सुलू मस्कतहून कायमची परत येतेय. तिची मुलगी आठवीला. हायस्कूल शोधायचं आहे. गोदाम पाडून तिथे भाटकाराच्या नातवानं मोठी शाळा बांधलीय. काचेची दारं, पिवळ्या बसगाड्या. परवा त्याचा फोन आला. आवाज गोड.

"आजोबा, ऐकलं, ताई येतायत. मुलीचे कागद आधीच माझ्याकडे देऊन ठेवा. मी बघतो. केसचंही एकदा बसून बोलू. आपलीच माणसं तुम्ही."

आवाज नवा. वाक्य तेच.

मी म्हटलं, "कागद कोणाकडे ठेवत नाही आम्ही." आणि फोन ठेवला.

सुलूलाही फोनवर हेच सांगितलंय. सगळ्या शाळा बघायच्या. त्याचीसुद्धा, का नाही? चांगली असेल तर नात तिथे जाईल, नसेल तर नाही जाणार. ते नात ठरवेल आणि तिची आई ठरवेल. केस वेगळी, शाळा वेगळी. केस मी मागे घेणार नाही. असल दाखला नातीच्या पिशवीत राहील. दाखवायचा असेल तेव्हा तीच काढेल, आणि वाचून होईपर्यंत एक टोक तिच्या हातात असेल.

मी बरोबर जाणार. काठी घेऊन, चपला घालून. त्या पायऱ्यांपाशी माझ्या घरातलं माणूस आता वाकणार नाही. नाडी सोडायला तर नाहीच.