आमच्या मंडळीचा नियोजित कार्यक्रम

आमच्या गावात ख्रिस्ती माणसं पाच. मी, माझी आई, चुलत भाऊ, त्याची बायको आणि एक निवृत्त वनरक्षक. वनरक्षकांना अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे प्रवचन सगळ्यात जास्त त्यांनाच आवडतं. केशोरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, चर्च आहे, आजोबांच्या काळातलं. पाळक महिन्यातून एकदा गोंदियाहून येतात. उरलेल्या रविवारी भाऊ वचन वाचतो आणि मी हार्मोनियम वाजवते. नोकरीभर आरोग्य केंद्रात नर्स होते, अडलेल्या बाया सोडवल्या, पण हार्मोनियम काही मला जमली नाही.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरहून पत्र आलं. वरच्यांनी एक समिती नेमली होती, 'संकटकाळातील मंडळ्यांचे भवितव्य' अशा नावाची. समिती येऊन रविवारची उपासना पाहणार होती. जिथे हजेरी फारच कमी, तिथलं चर्च बंद करायचं आणि सभासद शहरातल्या मंडळीला जोडायचे. भाऊ म्हणाला, बंद तर बंद, महिन्यातून एकदा गोंदियाला जाऊ. आई मात्र खाटेवर उठून बसली. ती शहाऐंशी वर्षांची. रोजच्या प्रार्थनेत ती प्रभूला न्यायला सांगायची, आणि अट एकच घालायची: नेशील तेव्हा याच चर्चमधून ने. तिचं लग्न इथं झालं, बाबांना इथूनच नेलं.

"गोंदियाच्या चर्चात मले कोन वळखते?" ती म्हणाली. "परक्या घरून कायले जाऊ मी?"

मला राग आला. तिचा नाही, समितीचा. राग आला की माझं डोकं चालत नाही, म्हणून काहीतरी युक्ती काढायचं काम मी भावावर सोपवलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

आमच्याकडे उन्हाळ्यात तलावाची पाळ दुरुस्त करायची असली की कोतवाल दवंडी देतो: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, घरटी एक माणूस. का, कशाला, कुणी विचारत नाही. ज्या घरातून माणूस येत नाही त्या घराला गाव वर्षभर ऐकवतं. भावाला बाकं भरायला माणसं हवी होती. त्याने सरळ कोतवालाला सांगितलं, रविवारी आठ वाजता चर्चवर, घरटी एक.

रविवारी समितीची गाडी आणि गाव एकदमच आलं. समितीत दोन साहेब, सोबत आमचे पाळक. गावाकडून चाळीसेक माणसं, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं, कुदळ, नाहीतर काखेत घमेलं. थोरल्या साहेबांनी गाडीचा दरवाजा अर्धा उघडला, समोर पाहिलं आणि परत लावून घेतला. हल्ली काय काय कानावर येतं, त्यांना तरी काय बोल लावायचा! पाळकांनी काचेतून हात हलवून समजावलं तेव्हा कुठे ते उतरले.

मी कोतवालाला बाजूला घेतलं. "फावडी कायले आणली जी?"

"काऊन? घरटी एक म्हनला ना तुमचा भाऊ. पाळ कुठं फुटली हाये?"

"पाळ नाही फुटली. आत येऊन बसायचं आहे."

"बसाचं? निसतं?" त्याचा विश्वास बसेना. तो लोकांत जाऊन बोलला आणि परत आला. "नाही जमत, नर्सबाई. कोनी फोटू काहाडून मोबाईलवर टाकला, त उद्या म्हनतीन अख्खा गाव बाटवला. मंग पोलीस, मंग पेपर. आमचं सोडा, तुमालेच तरास. पन आलो त आलो. काम सांगा."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मी जास्तच चिडले. काम मी काही सांगितलं नाही. त्यांनीच चर्चभोवती एक फेरी मारली आणि शोधून काढलं. माकडांनी छताचे कवेलू कधीचे उधळले होते, मागची भिंत ढासळत आली होती.

आम्ही पहिलं गीत सुरू केलं आणि ते छतावर चढले. पाळकांनी नेमकं खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचं वचन घेतलं होतं. मध्येच वरून, "अबे, साबूत देना, फुटका काय देतेस!" धाकट्या साहेबांच्या केसांवर माती पडली, त्यांनी ती झटकली, तोवर दुसरी पडली. वनरक्षक प्रसन्न चेहऱ्याने मान डोलवत होते.

उपासना संपल्यावर साहेबांनी फॉर्म काढला. हजर सभासद, पाच.

"आणि बाहेर एवढी माणसं राबताहेत ती?" मी विचारलं. "भवितव्यात धरत नाही का त्यांना?"

"त्यांच्यासाठी रकाना नाही, सिस्टर," थोरले साहेब म्हणाले. खरंच ओशाळले होते बिचारे. मग त्यांनी पुढचा प्रश्न वाचला: "आगामी काळातील नियोजित कार्यक्रम?"

भाऊ नाताळचं काहीतरी सांगू लागला, तेवढ्यात आई म्हणाली, "माही मयत."

साहेबांचं पेन थांबलं. "म्हणजे, आजी?"

"मयत जी. आता मी काही रायत नाही. इथूनच न्याचं हाये मले. तवरी ठेवा चालू, मंग खुशाल लावा कुलूप."

साहेबांनी चष्मा पुसला आणि रकान्यात लिहिलं: अंत्यविधी, एक.

महिनाभराने उत्तर आलं. नियोजित अंत्यविधी पार पडेपर्यंत मंडळी सुरू राहील, त्यानंतर ती शहरातल्या मंडळीत विलीन होईल. खाली आणखी एक ओळ होती: कार्यक्रमाची अंदाजे तारीख कळवावी. त्या ओळीचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

आईने पत्र दोनदा वाचायला लावलं. "म्हंजे मी गेली का चर्च बी गेलं?"

"हो."

त्या दिवसापासून तिचं प्रभूला 'मला ने' म्हणणं बंद झालं. बीपीच्या ज्या गोळ्या ती माझी पाठ वळली की खाटेखाली टाकायची, त्या आता स्वतः मागून घेते. भावाची बायको रोज अंडं उकडून आणते. कोतवाल येताजाता दारातून विचारतो, "आजी हाये ना?" पाळक महिन्यातून दोनदा येतात, आणि आल्या आल्या आधी आईकडे बघतात. उपासनेआधी मी तिचं बीपी घेते, तर बाकीचे तिघं मशीनवरच्या आकड्याकडे टक लावून बसतात. छत आता थेंबभरही गळत नाही. चर्च इतकं चांगलं मी जन्मात पाहिलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, आई, तुझं मागणं मान्य झालं, आता कशाला जिवाला घोर लावून घेतेस? ती म्हणाली, "मंग तुमी चौघं कुठं जासान?"

तिचे पाय सुजतात. चार पावलं चालली की दम लागतो. तिला जायचं आहे आणि ती आमच्यासाठी थांबली आहे, हे मला स्वच्छ दिसतं. माणसं अशी थांबलेली मी नोकरीत पाहिली आहेत, आणि ती किती दिवस थांबू शकतात तेही मला ठाऊक आहे. रविवारी ती पहिल्या बाकावर बसते, सगळ्यांच्या वर आवाज लावून गाते, आणि मी हार्मोनियमवर चुकत राहते. मग मी प्रार्थनेला डोळे मिटते. चर्च राहू दे म्हणावं, तर तिला ओढून धरल्यासारखं होतं. तिला सुटू दे म्हणावं, तर माझी जीभ उचलत नाही.