ड्रायरमधली चवळी

भिजवलेली चवळी वॉशिंग मशीनमध्ये वाळवू नये, हे मला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी कळलं. त्याआधी कुणी सांगितलंच नव्हतं!

तेव्हा पुण्यात कॉम्प्युटरवाल्या मुलांना लग्नाच्या बाजारात नुकताच भाव आला होता आणि मीही त्याच भावात होतो. मंजिरीची नि माझी पहिली भेट डेक्कनवरच्या एका हॉटेलात झाली. तीही कॉम्प्युटरवालीच. तिने सरळ विचारलं, "स्वयंपाकातलं काय येतं तुम्हाला?"

खरं तर मला चहासुद्धा आईला विचारून करावा लागे. पण मुलगी मला बघताक्षणी आवडली होती (आणि अशा वेळी माझी जीभ माझं ऐकत नाही). मी म्हणालो, "चवळीचे वडे! असे कुरकुरीत, की खाल्ले तर शेजाऱ्यांना ऐकू जातात!"

"मग रविवारी पाचला आईबाबांना घेऊन येते. पोहे नकोत. वडे करा. तुम्ही."

घरी येऊन आईचे पाय धरले. ती म्हणाली, "मी हात लावणार नाही. थापा तू मारल्यास, वडेही तूच थाप." मग जरा दया येऊन एवढंच सांगितलं, "चवळी चांगली निथळू दे. ओली राहिली तर वडे तेल पितात."

शनिवारी संध्याकाळी चवळी भिजत घातली. रविवारची सकाळ दाढी आणि शर्टाची इस्त्री यांत गेली. दुपारी साडेतीनला आठवलं, की चवळी अजून पातेल्यात पोहतेय! दीड तासात ती निथळणार कशी? तेवढ्यात बाल्कनीतल्या नव्या मशीनचा ड्रायर दिसला. मी चवळी उशीच्या अभ्र्यात भरली आणि ड्रायरमध्ये कोंबली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, चष्मा लावून माहितीपुस्तक घेऊन उभे. "यात सुती, रेशमी आणि लोकरी एवढंच दिलंय. चवळी कशात धरायची?"

"सुतीत धरा हो अण्णा!"

पाच मिनिटांत चवळी कोरडी ठणठणीत झाली. मी विजयी मुद्रेने आईला दाखवली. तिने वास घेतला.

"अरे, सकाळी साबणाचे कपडे पिळले मी त्यात!"

मग चवळी तीन पाण्यांनी धुतली. साबण गेला (असं मला वाटलं), पण ती पुन्हा ओली झाली! म्हणून पुन्हा ड्रायर. या वेळी अभ्र्याची गाठ नीट बसली नव्हती. मशीन थरथरत बाल्कनीच्या दाराकडे निघालं. अण्णा त्याला मिठी मारून उभे राहिले. आतून टपोऱ्या गारा पडल्यासारखा आवाज येत होता. अर्धी चवळी ड्रमच्या काठावरून उडून सांडपाण्याच्या नळीत आणि नळीतून खाली केळकरांच्या अंगणात!

केळकरांनी मान वर केली. "अहो, वरून चवळी येतेय. पाठवायचीच होती, तर मोड आणून पाठवायची!"

उरलेली वाटली. आलं, मिरची, कोथिंबीर, सगळं सढळ हाताने घातलं. वडे थापून तेलात सोडले आणि कढईत फेस आला! साधासुधा नव्हे, पांढराशुभ्र. तेवढ्यात बेल वाजली.

वडे दिसायला मात्र सुरेख झाले. सोनेरी, कडक. मी ताटली घेऊन बाहेर गेलो. मंजिरी हसली. तिच्या बाबांनी एक वडा उचलला, चटणीत बुडवला, तोंडाजवळ नेला. खरं सांगितलं तर मुलगी जाणार होती. नाही सांगितलं तर मुलीचे बाबा!

"थांबा!" मी ओरडलो आणि त्यांच्या हातातून वडा हिसकावून घेतला. मग साबण, अभ्रा, केळकर, सगळं सांगून टाकलं. मला वडे येत नाहीत, काहीच येत नाही, हेही सांगितलं. अण्णांनी पुरावा म्हणून माहितीपुस्तक पुढे केलं. आईने छताकडे पाहिलं.

मंजिरीच्या बाबांनी बोटांना लागलेली चटणी रुमालाला पुसली. मंजिरी मात्र हसत सुटली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदर सावरत म्हणाली, "बाबा, यांना स्वयंपाक येत नाही, पण निदान वेळेवर कबूल तरी करतात. मला चालतील." आणि माझ्याकडे वळली, "बरं, कपडे तरी धुता येतात ना मशीनमध्ये?"

आनंदाने माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. एका थापेची कबुली देऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. मी छातीठोकपणे म्हणालो, "उत्तम!"

लग्नाला आता बरीच वर्षं झाली. वडे मला अजून येत नाहीत, पण ती थाप निदान मला पचली तरी. दुसरी मात्र रोज सकाळी दोरीवर वाळत घालतोय!