पाठीवरचा नंबर

लहू मेश्राम कुणापुढे वाकणारा माणूस नव्हता. लहानपणी नागपूरजवळच्या गावात चहावाल्यानं त्याचा कप वेगळा ठेवला, तर तो त्याच्याच ओट्यावर फोडून आलेला. पुढं शिकून मिशिगनला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर झाला, तरी ताठा तोच. पोराला, नरेंद्रला, त्यानं एकच शिकवलं: मार खाऊन घरी यायचं नाही. शेजारची पोरं आइस हॉकी खेळत, म्हणून यालाही स्केट्स आणून दिले. पोरगा थेट कॉलेजच्या टीममध्ये पोचला. बायको कांता मात्र मॅचला फिरकत नसे. ती म्हणायची, हेल्मेटला तोंडावर जाळी आल्यापासून ही पोरं बेफाम झालीत, आपल्याला लागत नाही म्हणजे कुणालाच लागत नाही असं वाटतं त्यांना. लहू हसण्यावारी न्यायचा.

१९८६ सालची, हिवाळ्यातली दुपारची मॅच. समोरच्या टीमचा एक पोरगा बर्फाच्या कडेच्या फळीशी वाकून पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, काढत होता. नरेंद्र मागून सुसाट आला आणि धडकला. पोराचं डोकं फळीवर आपटलं.

"शाब्बास, वाघा!" लहू उभा राहून ओरडला.

पोरगा उठला नाही. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हाही त्याचे पाय हलले नाहीत.

रेफरीनं नरेंद्रला बाहेर काढलं. पण मॅच संपल्यावर रीतीप्रमाणे दोन्ही टीम हात मिळवायला रांगेत उभ्या राहिल्या, तेव्हा तो येऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला. समोरून येणारा एकेक पोरगा त्याच्यापाशी पोचला की हात मागे घेत होता. एकूण एक.

लहूच्या डोक्यात तो जुना कप पुन्हा फुटला. धडाधड पायऱ्या उतरून तो त्यांच्या कोचच्या अंगावर गेला. रंग बघून हात काढता काय, म्हणून मराठी-इंग्रजीत त्याची आईबहीण काढली. नरेंद्रनंच बापाला दंडाला धरून बाहेर पार्किंगमध्ये ओढत नेलं.

"स्टॉप इट, बाबा. रंगाचं काही नाही. मला त्याचा नंबर दिसत होता."

"कसला नंबर?"

"पाठीवरचा. छोटे असतो तेव्हापासून शिकवतात, नंबर दिसला की थांबायचं. त्याची पाठ आहे, तो तुला बघत नाही. मी बघितला. थांबलो नाही."

"का?"

"यू वेअर वॉचिंग, बाबा."

हॉस्पिटलच्या बाकावर त्या पोराचा बाप बसला होता, कामावरच्या जाड जाकिटात. लहूनं हात पुढं केला. "माय सन," एवढंच तोंडातून निघालं. त्या माणसानं हाताकडं बघितलं आणि आपले दोन्ही हात काखेत घातले. लहूचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं तो खिशात घातला. ओरडला नाही.

नर्स बाहेर येऊन त्या बापाला सांगून गेली: पायाला अजून संवेदना नाही. नरेंद्र भिंतीला टेकून खालीच बसला.

"उठेल ना तो, बाबा?"

भिंतीवरच्या फोनवरून लहूनं घरी फोन लावला. कांतानं पहिलंच विचारलं, नरेनला काही झालं नाही ना?

"आपल्याला काही झालं नाही," लहू म्हणाला, आणि रिसीव्हर कपाळाला लावून तसाच उभा राहिला.