सासरची जागा

इथे अमेरिकेत, नोव्हायमध्ये, दोन मराठी बायका पहिल्यांदा भेटल्या की दुसराच प्रश्न येतो, सासर कुठलं? मी इंडोनेशिया म्हटलं की समोरची म्हणते, "अय्या, बाली का?" सुरुवातीची काही वर्षं मी नीट सांगत असे. बालीच्याही पुढे विमानाने जायचं, बंदरावर बोटीची वाट बघायची, बोटीत एक अख्खा दिवस, मग ट्रकच्या मागे टाकलेल्या फळीवर तीन तास, आणि ओढ्याला पाणी असेल तर शेवटचा टप्पा चपला हातात घेऊन. पुढे पुढे कंटाळा आला. आता मी "हो, त्याच बाजूला" म्हणते आणि प्लेटमधली इडली संपवते.

नवरा मला स्टेट कॉलेज नावाच्या गावात भेटला. दोघंही तिथे शिकत होतो, एकाच बसने लॅबला जायचो, आणि रविवारी बस कमी असायच्या म्हणून स्टॉपवर बराच वेळ बोलणं व्हायचं. त्यांच्या भाषेत नवऱ्याला सुआमी म्हणतात, बायकोला इस्त्री. सुआमी म्हणजे आपला स्वामीच, हे कळल्यावर सांगलीला माझ्या आईला जरा धीर आला. पण सासूला मामा आणि मोठ्या दिराला काका म्हणायचं, हे काही तिच्या पचनी पडलं नाही. "मामांचे गुडघे कसे आहेत?" असं ती फोनवर विचारायची आणि मिरजेचा मामा की बेटावरची, हे मला उलट विचारावं लागायचं.

बावीस वर्षांत मी चार वेळा सासरी गेले. चारही वेळा वर्षभराची रजा वाटेतच संपली. दुसऱ्या खेपेला मुलगी तीन वर्षांची होती. समुद्र खवळलेला, बोट बंद. बंदराजवळच्या लॉजमध्ये चार दिवस बसलो. नवरा रोज सकाळी धक्क्यावर जाऊन यायचा आणि दारातूनच म्हणायचा, "आज नाही." तिसऱ्या दिवशी मुलीला ताप आला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे लग्न होऊन पाच वर्षं झाली होती तरी विघ्नं चालूच. गावात पोचलो तेव्हा परतीला पाच दिवस उरले होते, आणि त्यातले दोन मी नुसती झोपून काढले.

गाव वाईट नाही. हे मुद्दाम सांगते, कारण मी तक्रार करायला लागले की ऐकणाऱ्याला वाटतं गावच तसं असणार. सत्तरेक घरं, एक चर्च, मक्याची शेतं, वाळत घातलेली मासळी. माणसं मायाळू आहेत. मी पोचले की कुणीतरी न विचारता माझे पाय दाबून देतं. मी दमते, एवढंच.

तिथे जमीन कुणाच्या नावावर नसते. ती कुळाची, म्हणजे एका मूळ पुरुषापासून झालेल्या सगळ्या घरांची. झाड मात्र ज्याने लावलं त्याचं. माझ्या वडिलांचं निम्मं आयुष्य सातबाऱ्यावर नाव चढवण्यात आणि तलाठ्याच्या पायऱ्या झिजवण्यात गेलं, त्यामुळे पहिल्या भेटीत मी नवऱ्याला विचारलंच होतं, मग तुमचा सातबारा कुणाकडे? त्याला हा प्रश्न गावाच्या भाषेत नेताच आला नाही. घर बांधायला जागा कूळ देतं, आणि जो येऊन राहणार त्यालाच देतं. येणार का, हे बाईला विचारतात, कारण चूल ती पेटवणार. ऐकायला हे मोठं मानाचं वाटतं. प्रत्यक्षात नाही म्हणायचं काम बाईच्या गळ्यात पडतं.

पहिल्या भेटीचा शेवट मला अजून स्वच्छ आठवतो, कारण सगळा घोळ तिथेच झाला. लग्नाला दोन महिने झाले होते. बोट लागली होती, नवरा पिशव्या घेऊन शेजारी उभा होता, आणि मामांनी माझा हात धरला होता. मला त्यांच्या भाषेतले पन्नासेक शब्द येत होते. जाणं म्हणजे काय ते येत होतं आणि येणं म्हणजे काय तेही येत होतं. पण निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. दारातून नुसतं दूध आणायला निघाले आणि 'जाते' म्हटलं तरी आई परत आत बोलवायची. तेव्हा मी मामांना म्हटलं, "साया दातांग." म्हणजे मी येते.

मामा माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं, ते मला कळलं नाही, आणि न कळलेल्या प्रश्नाला सासूसमोर सून जे करते तेच मी केलं. मान डोलावली. मामांनी हात सोडला आणि बोट सुटायच्या आधीच त्या झपाझप वर गावाकडे निघून गेल्या. मला वाटलं, रागावल्या. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "नाही, शी इज हॅपी." मी विषय सोडून दिला.

त्यानंतर दोनदा गेले तेव्हाही कुणी काही बोललं नाही. मामांच्या घराशेजारी चार काळे दगड होते, आयताच्या चार कोपऱ्यांवर ठेवलेले. मला वाटायचं, बकऱ्या बांधायला असतील.

चौथी खेप मामा गेल्यानंतरची. अंत्यविधीला पोचणं शक्यच नव्हतं. आम्ही गेलो तेव्हा सगळं होऊन पाच आठवडे झाले होते. तिथे माणसाला घरासमोरच पुरतात आणि वर सिमेंटचा ओटा बांधतात. मामांच्या ओट्यावर मका वाळत घातला होता, आणि ते कुणाला गैर वाटत नव्हतं, मलाही वाटलं नाही. मोठे दीर, म्हणजे काका, मला त्या चार दगडांपाशी घेऊन गेले. हे दगड मामांनी स्वतः किनाऱ्यावरून आणून ठेवले, म्हणाले. तू येऊन राहीन म्हणालीस, त्याच दिवशी त्या कुळातल्या म्हाताऱ्यांकडे गेल्या आणि तुमच्यासाठी ही जागा मागून घेतली. मग दर पावसाळ्यानंतर गवत काढायच्या.

मी नवऱ्याकडे बघितलं. तो दगडाकडे बघत होता.

"तुला माहीत होतं?" मी त्याला त्या संध्याकाळी विचारलं.

"दॅट डे? हो."

"मग सांगितलं का नाहीस? आमच्यात निघताना तसंच म्हणतात, हे तुला मी स्टेट कॉलेजमध्येच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला वाटलं, म्हणालीच आहे तर कदाचित येशील."

मला राग आला. अजूनही येतो. पण कुणावर, ते ठरवता येत नाही. तोंडदेखल्या एका शब्दावर एक बाई वीस वर्षं गवत काढत राहिली, आणि तो शब्द माझा होता. सवयीने बोलले, हे खरं. पण ते तिला कोण सांगणार होतं? आणि ताकाला जाऊन भांडं लपवायची नवऱ्याची सवय मला पहिल्यापासून माहीत आहे. त्याला काही हवं असलं की तो ते कधीच मागत नाही. नुसता शेजारी उभा राहतो.

या वर्षी वसंतात त्याची नोकरी संपली. ऑटो कंपन्यांत हे चालतंच, सत्तावन्नाव्या वर्षी पुन्हा शोधायची उमेद त्याला नव्हती. त्याने मागच्या अंगणात मका लावला, तो हरणांनी खाल्ला. मग तो गॅरेजचं दार उघडून खुर्ची टाकून बसू लागला, रस्त्याकडे तोंड करून, गावातली माणसं घरासमोर बसतात तसा. आमच्या रस्त्यावर कुणी चालत जात नाही. गाड्या जातात, त्यांच्याकडे बघून तो हात करायचा.

जून महिन्यात काकांचा निरोप आला. त्यांच्या मुलाचं लग्न झालंय, बाळ झालंय, तिघं काकांच्याच दोन खोल्यांत राहतायत. दगडांच्या आतली जागा रिकामी आहे. तुम्ही येणार असाल तर ती तुमचीच. येणार नसाल तर पोराला द्यावी असं कुळाचं म्हणणं आहे. कूळ रविवारी फोनवर विचारेल, आणि विचारेल ते सुनेला.

त्याला परत जायचं होतं. हे त्याने पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. आम्ही आठवडाभर बोललो, म्हणजे मी बोलले. माझी नोकरी अजून सहा वर्षं आहे. बीपीची गोळी आहे. दवाखाना बोटीच्या पलीकडे. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी मी एकदा देश सोडलाय, दुसऱ्यांदा सोडायची ताकद माझ्यात नाही. त्याला म्हटलं, तू जा, एकटा राहा, मी येऊन जाऊन असेन.

"एकट्याला जागा देत नाहीत," तो म्हणाला. "भावाकडे राहीन. पण मग गेस्ट म्हणून."

मुलगी अल्फारेटाला असते, तिला फोन केला. ती म्हणाली, "मॉम, जस्ट टेल देम नो. इट्स नॉट अ बिग डील." तिच्या दृष्टीने खरंच नव्हती.

उन्हाळ्यात आमच्यात आणि त्यांच्यात बरोबर बारा तासांचा फरक असतो. आमचे संध्याकाळचे सहा म्हणजे त्यांचे दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा. सिग्नल फक्त चर्चच्या टेकडीवर मिळतो, म्हणून सगळे वर चढून आले होते. काका, कुळातले तीन म्हातारे, एक खूप म्हातारी बाई, आणि मागे पुतण्या, त्याची बायको आणि तिच्या कडेवर बाळ. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन डब्याला टेकवून ठेवला होता. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

आधी सगळ्यांची तब्येत विचारून झाली. मग काकांनी मला सोप्या, सावकाश शब्दांत विचारलं, येणार की नाही?

मी दोन दिवस वाक्य पाठ केलं होतं. मी म्हटलं, मामांनी जागा राखली, मी त्यांची ऋणी आहे. मी राहायला येणार नाही. मुलाला घर बांधू द्या. आणि मग पाठ न केलेलं, मला माफ करा.

कुणी वाईट बोललं नाही. म्हातारे आपसात गावच्या भाषेत बोलले, ती मला येत नाही. पुतण्याने मान खाली घालून आभार मानले, त्याची बायको रडली. हे इतकं सोपं होतं तर वीस वर्षं का लागली, असंही मनात येऊन गेलं. नवऱ्याचा हात टेबलावर होता. मी त्यावर हात ठेवला, त्याने काढला नाही.

मग त्या म्हातारीने काही विचारलं. मी नवऱ्याकडे वळले.

"काय म्हणतायत?"

"नथिंग."

काकांनी तेच मग मला समजेल असं सांगितलं. घराची भिंत मामांच्या ओट्याला लागून येईल. मामांच्या शेजारी पुरायला जागा सोडायची तर आत्ताच सोडायला हवी. जे दूर राहतात तेही शेवटी तिथे येतात, तशी रीत आहे. किती सोडू, एक की दोन?

काय विचारलंय ते कळायला मला वेळ लागला नाही. दोन म्हणणं सगळ्यात सोपं होतं. सगळ्यांना बरं वाटलं असतं, शेजारी बसलेल्याला सगळ्यात जास्त. मी शेवटी खरंच तिथे येते का, हे बघायला तेव्हा कोण उरणार होतं? पण मुलीला मी कधीच सांगून ठेवलंय, जिथे असेन तिथेच मला दहन करा. मला मेल्यावर तरी प्रवास नको होता. आणि पुन्हा एकदा नुसतं बरं दिसावं म्हणून बोलायचं, आणि त्यासाठी पुन्हा कुणीतरी गवत काढत बसायचं, हे माझ्याच्याने झालं नसतं. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईने हे नवऱ्यासमोर बोलावं, याचं मला फार वाईट वाटलं.

"सातू," मी म्हटलं. म्हणजे एक.

नेमका तेव्हा आवाज तुटला. काकांनी कानामागे हात धरला आणि पुन्हा विचारलं, किती?

मी तोंड उघडलं. पण नवरा फोनकडे वाकला होता.

"सातू," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.