गेनबाची जीभ आणि बेडकीचा पाला

जिभेला हाड नसतं म्हणतात. आमच्या उत्रोलीच्या गेनबाच्या जिभेला मात्र होतं. भोरच्या बाजारात गूळ घ्यायचा तर माणसं त्याला सोबत न्यायची. तो ढेपेचा कण जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "खारवट रानातला ऊस हाय. नगं." व्यापारी चिडायचा, पण वाद घालत नसे. लग्नाच्या लापशीची चव बघायलाही गेनबाच. बिघडली असेल तर वरमाईच्या तोंडावर सांगायचा, त्यामुळे तो लोकांना हवाही असायचा आणि नकोही. मी त्याचा शेजारी, आणि बैलगाडी माझी, म्हणून त्याच्या बऱ्याच भानगडी मी जवळून पाहिल्या.

लढाईच्या दिवसांत, साखर रेशनवर गेली त्या साली, चिखलणी करताना गेनबाच्या पायाला दगड लागला. दिवाळी आली तरी जखम भरेना. घशाला सारखी कोरड, आणि तो लघवीला बसायचा तिथं मुंग्यांची रांग. त्याची बायको ठकुबाई घाबरली आणि मी गाडी जुंपली.

भोरच्या डॉक्टरांनी लघवी निळ्या औषधात उकळली. ती विटेसारखी लाल झाली. "साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "साखर बंद करा, नाहीतर पाय कापावा लागेल."

गेनबाचा जीव भांड्यात पडला. "मग काय काळजी न्हाई. साखर आमच्या घरात येतच न्हाई, डाक्टरसाहेब. आमी गूळ खातो."

"गूळही बंद."

"काकवी?"

"तीही बंद. मधही बंद. आणि भात कमी."

"पन गूळ उसाचा, मध फुलाचा," गेनबा म्हणाला. "झाडपाल्यानं कुनाचा पाय जातो व्हय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी आढ्याकडे. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. बाळंतिणीला देतात, उन्हातून आलेल्याला पाण्याबरोबर देतात, तो गूळ विष कसा झाला?

गावात आल्यावर तर सल्ल्यांना ऊत आला. कुणी म्हणालं जुना मध चालतो, कुणी म्हणालं काकवी पातळ असते, ती अंगाला लागत नाही. गेनबाला सोयीचे तेवढे सल्ले पटत होते. ठकुबाईने मात्र घरातला गूळ तांदळाच्या कणगीत पुरून ठेवला.

भात निघाल्यावर हैबती धनगर रानात मेंढ्या बसवायला आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोंगरातून दोन वेलींचा पाला आणून दिला. "ही गुंज," तो ठकुबाईला म्हणाला. "बी इखारी, ते घरात आनू नका. पाला गोड असतो, तो चहात उकळा. आनि ह्यो बेडकीचा पाला. ह्यो त्येंनी रोज सकाळी चावून खायाचा. लघवीतला गोडवा उतरतो."

दुसऱ्या दिवशी गेनबाने बेडकीचा पाला चावला, तोंड कडू केलं आणि वर चहा प्यायला.

"ठके, ह्यात गुंज टाकलीस?"

"मूठभर टाकली."

"खोटं."

ठकुबाईने घोट घेतला. गोड होता. गेनबाने पुन्हा घेतला आणि म्हणाला, नुसतं कढत पाणी आहे. त्याने मला बोलावलं. मी प्यायलो. छान गोड, ज्येष्ठमधासारखा.

"तुमी दोघं मिळालेले हायसा," गेनबा म्हणाला.

तीन-चार दिवस हीच कटकट. ठकुबाई रोज पाला वाढवायची, तो रोज कप आपटायचा. शेवटी तिने कणगीतून गुळाची ढेप काढली आणि चिमटीभर गूळ त्याच्या जिभेवर ठेवला. गेनबाने डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत.

"माती हाय," तो म्हणाला.

त्या दिवशी तो भांडला नाही. बांधावर जाऊन बसला. मी शेजारी टेकलो तसा म्हणाला, "पाय गेला तर काठी घेऊन हिंडंन. जीभ गेली तर मला कोन इचारनार?" एवढा फटकळ माणूस घाबरलेला मी पहिल्यांदा पाहिला, आणि मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी त्याने चोरून कणगी उकरली, गूळ चाखला आणि धावत माझ्याकडे आला. "गोड लागला." आनंद झाला म्हणावं, तर चेहऱ्यावर भूत बघितल्यासारखी भीती. सकाळी मेलेली जीभ संध्याकाळी जिवंत कशी? पुन्हा सकाळी माती, पुन्हा संध्याकाळी गोड. ठकुबाई देवऋष्याकडे जायला निघाली. देवऋष्याच्या वाटेवर हैबतीच भेटला, आणि तिचं ऐकून तो पोट धरून हसला.

"अवं, बेडकीचा पाला चावला की घटका-दोन घटका गोडीच मरती. त्ये सांगायचं राह्यलंच."

हैबतीच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर गेनबा विचारात पडला. मग त्याने बेडकीची पानं आपल्या चंचीत, सुपारीशेजारी ठेवली. कुठं गोडाचा वास आला, जीभ चाळवली, की दोन पानं चावायची. माती कोण मागून खाणार? गोड सुटलं, जखमेवर खपली धरली. शिमग्याच्या सुमारास डॉक्टरांच्या नळीतला लाल रंग हिरवटावर आला. पण गुळाची चव बघायला कुणी बोलावलं, की तो दात दुखतो म्हणून सांगायचा.

त्याच सुमाराला त्याची लेक बना, कामथडीला दिलेली, तिच्या पोराचं बारसं आलं. आम्ही गाडीने गेलो. दाराच्या अलीकडेच गेनबाने गाडी थांबवली आणि चंची सोडली.

"लेकीच्या दारात पुरनाची पोळी नगं म्हनता येत न्हाई," तो म्हणाला. "एक खावीच लागंल. गोड लागली तर दुसरी मागीन. माझा मला भरवसा न्हाई." आणि त्याने पानं चावली.

पंगत बसली. गेनबाला बना स्वतः वाढत होती, वेगळ्या पाटीतून. बापाचा मान, असं मला वाटलं. गेनबा खाली मान घालून जेवत होता. त्याचे व्याही सावळाराम मोठ्या हौसेने म्हणाले, "गेनबा, महागाईत लांबनं गूळ आनलाय. कसा हाय? तुमी सांगाल ते खरं."

पंगतीचे हात थांबले. गेनबाने घास गिळला.

"लई गोड," तो म्हणाला. "असा गूळ भोरात मिळत न्हाई."

सावळारामांची छाती फुगली. बनाच्या हातातली तुपाची वाटी मात्र तशीच राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती आत निघून गेली. माझ्या पानातली पोळी तर गोडच होती, त्यामुळे मला काही उमगेना.

निघताना मी बैल जुंपत होतो, तेव्हा ती फडक्यात काहीतरी बांधून बाहेर आली.

"आबा, खरं सांगा. पोळी गोड लागली?"

"लागली की."

बनाने आईचा हात धरला आणि रडायलाच लागली. "आये, माझ्या हातनं घात झाला. आबांसाठी म्या बिनगुळाच्या येगळ्या केल्या हुत्या. पाट्या बदलल्या गं. गुळाच्या वाढल्या म्या त्येंना."

गेनबा जागीच उभा राहिला. मग त्याने चंची उघडून तिच्यापुढे धरली. "पाट्या बदलल्या न्हाईत, पोरी. म्या ह्यो पाला चावून बसलो हुतो. मला कायबी लागलं न्हाई. व्याह्यांचं मन राखाया बोललो."

बनाने डोळे पुसले. क्षणभर तिला बरं वाटलेलं दिसलं, मग पुन्हा ती गोंधळली. "म्हंजी माझी पोळीबी तुमाला लागली न्हाई?"

तिने फडकं त्याच्या हातात दिलं. त्यात त्याच्या पाटीतल्या उरलेल्या दोन पोळ्या होत्या.

कापूरहोळ मागे पडलं. मग गेनबाने चूळ भरली, फडकं सोडलं, पोळीचा तुकडा मोडला आणि बाजारात मिटायचा तसे डोळे मिटले. ठकुबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कशी हाय?"

"फिकी हाय," गेनबा म्हणाला. "येलदोडा जास्त पडलाय. डाळ बी जरा कच्ची ऱ्हायलीय."

आणि दोन्ही पोळ्या त्याने संपवल्या. आम्हाला विचारलंसुद्धा नाही.